यकृत निकामी झाल्यावर मेंदूला सूज का येते?

प्रश्न : माझ्या २२ वर्षांच्या पुतणीला हिपॅटायटिस ए झाला होता. डोळे पिवळे दिसू लागल्यापासून आठवड्याच्या आतच ती असंबद्ध बोलू लागली आणि दुसऱ्या दिवशी बेशुद्ध झाली. यकृत निकामी झाल्याने मेंदूला सूज येत असल्याचे सांगून डॉक्टरांनी तिला व्हेंटिलेटरवर ठेवले. डोक्याचा सीटी स्कॅन मात्र नॉर्मल होता आणि एसजीपीटी या यकृताच्या रक्ततपासणीचा आकडाही उतरत होता. आमच्या शेजारच्या काकांना सिरोसिस (यकृत हळूहळू कडक होत जाण्याचा जुनाट आजार) आहे. त्यांनाही अधूनमधून असाच भ्रम होतो, पण लॅक्ट्युलोज हे पोट साफ करणारे औषध आणि एनिमा दिला की ते दोन दिवसांत भानावर येतात. मग हिच्या बाबतीत एवढी घाई का करावी लागली? आईच्या यकृताचा भाग बसवल्यावर ती वाचली, पण आमच्या मनातील शंका गेलेल्या नाहीत.
— एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही रुग्णांचा भ्रम वरवर सारखा दिसतो आणि दोन्हींच्या मुळाशी प्रामुख्याने अमोनियाच असतो, फरक आहे तो मेंदूला जुळवून घेण्यासाठी मिळालेल्या सवडीचा. आतड्यांत प्रथिनांचे विघटन होताना तयार होणाऱ्या अमोनियाचे एरवी यकृत युरियात रूपांतर करते. यकृत अचानक बंद पडले की तो रक्तातून मेंदूत पोहोचतो आणि तेथील ॲस्ट्रोसाइट नावाच्या आधारपेशी त्यापासून ग्लुटामिन बनवतात. हे ग्लुटामिन पेशीतच साचते, पाणी ओढून घेते आणि पेशी फुगतात. त्याच वेळी शरीरभर उसळलेल्या दाहामुळे मेंदूतील रक्तप्रवाहावरचे नियंत्रणही ढळते. कवटीला ताणले जाणे ठाऊक नसते. त्यामुळे आतला दाब वाढत जाऊन मेंदूचा रक्तपुरवठा कमी होतो आणि अखेर श्वासाचे नियंत्रण करणारा मेंदूचा खालचा भागच दाबला जाऊ शकतो.

सिरोसिसमध्ये अमोनिया महिनोन् महिने हळूहळू वाढत असतो. तेवढ्या काळात या पेशी आपल्यातील मायो-इनोसिटॉलसारखी इतर द्रव्ये बाहेर टाकून पाण्याचा तोल बऱ्याच अंशी सांभाळतात, म्हणून काकांना भ्रम होतो, पण मेंदूवर जीवघेणा दाब सहसा येत नाही. तुमच्या पुतणीच्या पेशींना ही संधीच मिळाली नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधील तज्ज्ञांनी १९९३ मध्ये यकृत अचानक निकामी होण्याच्या या आजाराचे जे वर्गीकरण मांडले, त्यात कावीळ दिसल्यापासून ७ दिवसांच्या आत भ्रम सुरू होणाऱ्यांचा स्वतंत्र गट आहे. यातला विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे : मेंदूला सूज येण्याचा धोका याच गटात सर्वांत जास्त असतो आणि प्रत्यारोपणावाचून यकृत आपोआप सावरण्याची शक्यताही याच गटात सर्वांत जास्त असते, म्हणजे मेंदू वाचवून ठेवला तर पुष्कळ काही हाती राहते. घाईचे कारण हे.

सीटी स्कॅन नॉर्मल असणे हा सूज नसल्याचा पुरावा नाही, कारण सुरुवातीची सूज त्यात अनेकदा दिसत नाही; तो मुख्यतः मेंदूत रक्तस्राव झालेला नाही ना, हे पाहण्यासाठी करतात. सुजेचा अंदाज डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार आणि त्यांची प्रकाशाला मिळणारी प्रतिक्रिया, वाढलेला रक्तदाब, मंदावलेली नाडी, रक्तातील अमोनिया आणि डोळ्यामागील मज्जातंतूच्या आवरणाची सोनोग्राफी यांवरून बांधला जातो. कवटीत दाबमापक बसवता येतो, पण ज्याचे रक्त गोठत नाही अशा रुग्णात त्यानेच रक्तस्राव होऊ शकतो.

एसजीपीटीच्या आकड्याने तर अनेक नातेवाइकांची फसगत होते. तो पेशी फुटत असल्याचे सांगतो, यकृत काम करत असल्याचे नव्हे. फुटण्याजोग्या पेशीच फारशा उरल्या नाहीत तरी तो खाली येतो. एसजीपीटी उतरत असताना बिलिरुबिन (कावीळ दाखवणारे रक्तातील पिवळे द्रव्य) आणि आयएनआर (रक्त गोठायला किती उशीर लागतो याचा आकडा) चढत असतील, तर ती सुधारणा नसून धोक्याची घंटा आहे. आयएनआर १.५ किंवा त्याहून अधिक आणि त्या जोडीला किंचितही भ्रम असेल, तर पूर्वीचा यकृतविकार नसलेल्या रुग्णात हा आजार गृहीत धरावा लागतो.

काकांना लागू पडणारे लॅक्ट्युलोज येथे तितके उपयोगी ठरलेले नाही. उलट त्याने आतडी फुगली तर पुढची शस्त्रक्रिया अवघड होते. म्हणूनच डोक्याची बाजू सुमारे ३० अंश उंच ठेवणे, औषधाने गाढ झोपवून श्वास व्हेंटिलेटरकडे सोपवणे, तीव्र मिठाचे सलाईन देऊन रक्तातील सोडियम १४५ ते १५० या पातळीवर राखणे आणि दाब वाढल्यास मॅनिटॉल हे मेंदूतील पाणी ओढून काढणारे औषध देणे असा मार्ग धरला जातो. मूत्रपिंडे ठीक असली तरी अमोनिया काढण्यासाठी संथ, अखंड डायलिसिस लवकर सुरू करतात. काही ठिकाणी प्लाझ्मा एक्स्चेंजही, म्हणजे रक्तातील द्रव भाग काढून दुसरा भरणे, करतात. रक्तातील साखर वारंवार तपासावी लागते, कारण ती घसरल्यानेही शुद्ध हरपते. मेंदूतील गाठीभोवतीच्या सुजेवर दिली जाणारी स्टेरॉइड्स या सुजेवर काम करत नाहीत. या काळजीचा परिणाम आकड्यांत दिसतो : किंग्ज कॉलेजच्याच नोंदींनुसार १९८४-८८ मध्ये अशा ७६ टक्के रुग्णांच्या मेंदूतील दाब वाढल्याचे आढळले होते, तर २००४-०८ मध्ये ते प्रमाण २० टक्क्यांवर आले.

तरीही वेळ निघून गेली तर प्रत्यारोपणही व्यर्थ ठरते. बाहुल्या विस्फारून स्थिर झाल्यावर नवे यकृत मेंदूला परत आणू शकत नाही. म्हणून रुग्ण बेशुद्ध होण्याची वाट न पाहता, वागण्यात पहिला फरक दिसताच त्याला प्रत्यारोपणाची सोय असलेल्या रुग्णालयात हलवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे नेमके हेच दिवस कावीळ उतरवणाऱ्याकडे खेपा घालण्यात जातात, दिवसा येणारी झोप अशक्तपणावर ढकलली जाते, आणि रात्री रुग्ण तळमळतो म्हणून कोणीतरी झोपेची गोळीही देते. ही गोळी विशेष घातक, कारण तिचा निचराही यकृतालाच करायचा असतो आणि शिवाय गुंगी आजाराची की औषधाची, हे कोणालाच कळेनासे होते.

प्रश्न : शस्त्रक्रियेनंतर तिचे हात थरथरतात आणि लक्ष लवकर विचलित होते. मेंदूला कायमची इजा झाली असेल का?
— तेच वाचक

उत्तर : वाचलेल्या बहुतेक रुग्णांचा मेंदू चांगला सावरतो, काहींना मात्र स्मरणशक्ती आणि एकाग्रता यांबाबत अडचण जाणवत राहते. हातांच्या थरथरीचे कारण बहुधा वेगळे असते. नवे यकृत शरीराने नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी वाढली की हात थरथरतात आणि झोपही उडते. ती पातळी तपासून डॉक्टर मात्रा बदलू शकतात, पण गोळी स्वतःहून कमी किंवा बंद करू नये. लक्ष विचलित होण्याची तक्रार कायम राहिली, तर मेंदूविकारतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.