वाचक विचारतात : गेलेले नायक परत येतात तेव्हा

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दहावीत असताना सीताबर्डीच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला एक्स-मेन या अतिमानवी नायकांच्या चमूच्या कॉमिक्सचा एक संग्रह मिळाला आणि त्यातल्या जीन ग्रे या नायिकेचा मृत्यू वाचून मला दोन दिवस जेवण गोड लागले नाही. पुढे कळले की काही वर्षांनी तिला परत आणले होते. तेव्हापासून कॉमिक्समधल्या कोणत्याही मरणावर माझा विश्वास बसत नाही. मित्र म्हणतात, तिथे असेच चालते, तू मनाला लावून घेऊ नकोस. माझा राग बालिश आहे का?
— एक वाचक, सक्करदरा

उत्तर : मुळीच नाही. ज्याने कथेवर जीव लावला त्यालाच असा राग येतो. क्रिस क्लेअरमाँट आणि जॉन बर्न यांनी १९८० साली ती कथा रचली तेव्हा जीनने मरावे असे मुळात ठरलेले नव्हते. तिची शक्ती काढून घेऊन तिला जिवंत ठेवायचे, असा बेत होता. परंतु फिनिक्स या अफाट शक्तीच्या रूपात तिने एक अख्खी ग्रहमाला उद्ध्वस्त केली होती, अब्जावधी जीव घेतले होते, आणि एवढ्या संहाराला शिक्षा असलीच पाहिजे, असा आग्रह मार्व्हल या प्रकाशन कंपनीचे तेव्हाचे प्रमुख संपादक जिम शूटर यांनी धरला. म्हणून शेवट बदलला आणि आपल्या हातून पुन्हा असे घडू नये यासाठी जीनने चंद्रावर स्वतःच मरण पत्करले. अपराध तिचा होता आणि प्रायश्चित्तही तिनेच निवडले, म्हणून ते पान वाचताना तुमच्या घशाशी आवंढा आला.

१९८६ मध्ये पहिल्या पाच एक्स-मेनना एकत्र आणणारी नवी मालिका काढायची होती. पाचवी जागा जीनची होती, आणि तिच्यावर त्या संहाराचा डाग राहता कामा नये, अशी अट होती. तेव्हा वाचकांना सांगण्यात आले की जी मेली ती जीन नव्हतीच. फिनिक्स नावाच्या शक्तीने तिचे रूप घेतले होते आणि खरी जीन इतकी वर्षे न्यूयॉर्कजवळच्या जमैका बेच्या तळाशी एका कोशात निद्रिस्त होती. या एका खुलाशाने तिचा अपराध पुसला गेला आणि त्याबरोबर तिचा त्यागही पुसला गेला. मधल्या काळात जीनचा प्रियकर सायक्लॉप्स याने मॅडलिन प्रायर या स्त्रीशी लग्न केले होते, त्यांना तान्हे मूल होते. त्या दोघांना मागे टाकून तो जीनकडे गेला. मॅडलिनला पुढे जीनची प्रतिकृती ठरवले, मग खलनायिका केले आणि अखेर मारून टाकले. या साऱ्या प्रकरणात सर्वांत मोठा अन्याय मला तिच्यावर झालेला दिसतो; तुमच्या रागात तिच्यासाठीही जागा ठेवा.

तुमच्या मित्रांचे म्हणणे मला पटत नाही, आणि का ते आपल्याच नागपुरातल्या उदाहरणाने सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते, शेवटी जाळली जाते आणि पुढच्या वर्षी पुन्हा घडवली जाते. त्यात कोणालाही फसवले गेल्यासारखे वाटत नाही, कारण पुन्हा येणे हा त्या प्रथेचाच भाग आहे आणि ते लहान मुलालाही ठाऊक असते. नोव्हेंबर १९९२ मध्ये सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक आला तो असा नव्हता. बंद काळ्या पिशवीत, आत दंडाला बांधायची काळी फीत घालून तो विकला गेला, म्हणजे वाचकाने खरोखरीचे सुतक पाळावे अशी अपेक्षा होती. लाखो प्रती खपल्या, आणि १९९३ साल सरण्याआधी सुपरमॅन परत आला. मधल्या अंकांत मात्र मनापासून केलेले काम होते: मुलाचे गुपित फुटू नये म्हणून त्याचे म्हातारे आईवडील अंत्ययात्रेला न जाता ती घरी दूरदर्शनवर पाहतात, हा प्रसंग मी आजही विसरलो नाही. अडचण अशी की ही पात्रे लेखकाच्या मालकीची नसतात. ती कंपनीची असतात आणि दर महिन्याला त्यांचा अंक निघावाच लागतो, त्यामुळे एका लेखकाने प्रामाणिकपणे लिहिलेला शेवट दुसरा लेखक मोडू शकतो, नव्हे, अनेकदा त्याला ते करावेच लागते.

तरीही परत येणे हेच मुळात चूक, असे मी म्हणणार नाही. महाभारतात मृत जन्मलेल्या परीक्षिताला कृष्ण जिवंत करतो, पण त्याच कृष्णाचा भाचा अभिमन्यू परत येत नाही. वंशाला अंकुर फुटतो, उत्तरेचे वैधव्य मात्र तसेच राहते. कॉमिक्समध्ये याच्या जवळ जाणारे उदाहरण मला जेसन टॉडचे वाटते. १९८८ मध्ये बॅटमॅनच्या या साथीदाराने, दुसऱ्या रॉबिनने, जगावे की मरावे, हे वाचकांनी फोनवरून ठरवले; मरणाच्या बाजूने ५,३४३ आणि जगण्याच्या बाजूने ५,२७१ मते पडली. अवघ्या ७२ मतांनी त्याचा जीव गेला, आणि तो प्रकार मला तेव्हाही क्रूर वाटला होता. २००५ मध्ये तो परत आला. तो कसा जगला याचे कारण अगदीच कच्चे होते. पण परतल्यावर तो बॅटमॅनला विचारतो की मला मारणारा जोकर अजून जिवंत कसा. त्या प्रश्नाने जुन्या मृत्यूचे ओझे वाढले. जीनच्या बाबतीत ते उतरवून टाकले गेले.

तुमच्यापुरते बोलायचे तर १९८० च्या शेवटच्या पानावर थांबण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. ज्यांनी ती कथा रचली त्यांनी ती तिथे पूर्ण केली होती.

प्रश्न : माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने मावसभावाकडून आणलेल्या अंकांत कमला खान या मार्व्हलच्या किशोरवयीन नायिकेचा मृत्यू वाचला आणि ती खूप रडली. कमला परत येते, हे मला ठाऊक आहे. तिला लगेच सांगावे का?
— एक आई, प्रतापनगर

उत्तर : तिने विचारले तर खोटे बोलू नका, पण आपणहून घाईने सांगू नका, त्या रडण्याला थोडा वेळ द्या. कमला मे २०२३ च्या अंकात मारली गेली आणि जुलैमध्ये परत आली, एवढ्या अवधीत तर आपल्याकडे एक उन्हाळाही धड सरत नाही. मला अधिक खटकते ते हे की तिचा मृत्यू तिच्या स्वतःच्या मालिकेत झालाच नाही, स्पायडर-मॅनच्या अंकात झाला, आणि तोही दुसऱ्या स्त्रीचे रूप घेऊन तिला वाचवताना. जर्सी सिटीतल्या पाकिस्तानी कुटुंबातली ही मुलगी, तिचे घर, तिच्या मैत्रिणी, हे सारे त्या प्रसंगात कडेला राहिले. २०१४ मध्ये सुरू झालेली तिची स्वतःची मालिका मुलीला मिळवून द्या. तिथे कमला कोणाच्या दुःखाचे निमित्त म्हणून येत नाही.

प्रश्न : आमच्या लहानपणी इंद्रजाल कॉमिक्सचे अंक होते. त्यातला वेताळ (इंग्रजीतला फँटम) कधी मेला नाही, म्हणून परतही आला नाही. हा घोळ तेव्हा का नव्हता? माझ्या ट्रंकेत अजून बरेच अंक आहेत.
— एक ज्येष्ठ वाचक, महाल

उत्तर : वेताळ मरत होता, आणि त्याचे निर्माते ली फॉक यांची कल्पकता तिथेच होती. १९३६ मध्ये त्यांनी निर्माण केलेला हा नायक आपल्या घराण्यातला एकविसावा आहे. १५३६ पासून आधीचे वीस वेताळ मेले, कवटी गुहेत त्यांच्या समाधी आहेत, आणि प्रत्येकाच्या मुलाने बापाचा मुखवटा चढवला. जंगलाला तो अमर वाटतो, पण समाधी मोजणाऱ्या वाचकाला खरे ठाऊक असते. फ्लॅश या अतिवेगवान नायकाच्या बाबतीत हे जवळजवळ साधले होते: १९८५ मध्ये फ्लॅश असलेला बॅरी ॲलन गेला, त्याचा शिष्य वॉली वेस्ट त्याच्या जागी उभा राहिला आणि एक पिढी त्याच्यासोबत वाढली. २००८ मध्ये बॅरीला परत आणले, आणि वॉलीला मागे सरावे लागले.

त्या ट्रंकेतले काही अंक वाचायला देण्याची आपली तयारी असेल तर कार्यालयात कळवा. सक्करदऱ्याच्या विद्यार्थ्यापर्यंत ते आम्ही पोचवू, आणि जपून परतही आणून देऊ.