डीएम न्यूरो नंतर अमेरिकेत न्यूरोफिजिऑलॉजी फेलोशिप : कोल्हापुरात परत यायचं असेल तर

भावा, तुझा प्रश्न असा की डीएम न्यूरो, म्हणजे एमडीनंतरची मेंदूविकाराची पदवी, संपत आलंय, पुढं कोल्हापुरातच बसायचंय, मधलं एक वर्ष अमेरिकेत क्लिनिकल न्यूरोफिजिऑलॉजीला, म्हणजे मेंदू, नर्व्ह आणि स्नायूंच्या विजेच्या तपासण्या शिकायला, द्यावं का आणि डीएमवर थेट मिळतं का. मी कोल्हापूरच्या राजारामपुरीतला, एमडीनंतर इकडं अमेरिकेत येऊन परत पहिल्यापासून रेसिडेन्सी (हॉस्पिटलातलं स्पेशलायझेशनचं ट्रेनिंग) आणि मग हीच फेलोशिप केली, आता इथंच असतोय.

मिळू शकतं, पण दार लई अरुंद आहे. एसीजीएमई (इथल्या डॉक्टरी ट्रेनिंगला मान्यता देणारी संस्था) मान्यतेच्या फेलोशिपला इथली नाहीतर कॅनडाची रेसिडेन्सी लागते. बाहेरच्या अगदीच चांगल्या उमेदवाराला अपवाद म्हणून घ्यायची सोय आहे पण ते त्या प्रोग्रामच्या मर्जीवर, म्हणून फॉर्म भरायच्या आधीच ईमेल करून विचार. बाहेर शिकलेल्या डॉक्टरांना लागणारं ईसीएफएमजी सर्टिफिकेट मात्र सुटत नाही, स्टेप १, स्टेप २ सीके या इथल्या डॉक्टरी परीक्षा आणि ओईटी ही इंग्रजीची परीक्षा, सगळं द्यायचं. डीएम आहे म्हणून कोण माफी देत नाही, एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची क्रेब्ज सायकल परत काढावी लागते, त्यातल्या त्यात बरं म्हणजे २०२२ पासून स्टेप १ नुसती पास-नापास आहे. फेलोशिप संपल्यावर इथली बोर्ड परीक्षा साधारणपणे इथल्या रेसिडेन्सीशिवाय देता येत नाही, पण तुला कोल्हापुरात त्याचं काय करायचंय? पेशंट विचारत नाही.

व्हिसा जे-१. त्यासाठी दिल्लीहून आरोग्य मंत्रालयाचं पत्र लागतं, ते आधीच मागं लाव. नंतर दोन वर्षं मायदेशी राहायची अट असते, तिला सगळे घाबरतात, पण तू परतच येणार म्हटल्यावर तुला त्याचं काय. वहिनींना जे-२ वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, वेगळी परवानगी काढून नोकरी करता येते.

आता खरं महत्त्वाचं. वर्ष एकच असतंय आणि प्रत्येक प्रोग्रामचा कल वेगळा, कुठं ईईजी (मेंदूच्या विजेचा आलेख) जास्त, कुठं ईएमजी (नर्व्ह आणि स्नायूंची तपासणी, त्यात स्नायूत सुई घालतात), कुठं निम्मं निम्मं. माझं मत विचारशील तर ईएमजी जास्त असलेलंच घे. मोठ्या एपिलेप्सी (फिट्सच्या आजाराच्या) सेंटरला गेलास तर मेंदूच्या आत इलेक्ट्रोड घातलेल्या केसेस वाचण्यात महिने जातील, भारी वाटतं, पण ती सर्जरी करणारी अख्खी टीम गावात नसेल तर ते शिकून करणार काय? आणि एपिलेप्सीच शिकायची असेल तर त्रिवेंद्रमचं श्री चित्रा आहे की, त्यासाठी विमानात कशाला बसायचं. आपल्याकडं ओपीडीत येणार कोण, शुगरमुळं पाय बधिर झालेले, कार्पल टनेल (मनगटात नर्व्ह दबणं), जीबीएस (नर्व्हवर हल्ला होऊन अचानक येणारा अशक्तपणा), मोटारसायकलवरून पडून ब्रॅकियल प्लेक्सस, म्हणजे खांद्यातून हाताला जाणारं नर्व्हचं जाळं, गेलेली पोरं. यात नीडल, म्हणजे ईएमजीची सुई, नीट फिरवता आली पाहिजे, आणि ती शेजारी कोणतरी बसवून शंभरदा करूनच येते.

अजून एक गोष्ट कोण सांगत नाही. इथं डोकं मोजून टेन-ट्वेंटीप्रमाणे (ईईजीच्या इलेक्ट्रोडच्या ठरलेल्या जागा) इलेक्ट्रोड लावणं टेक्नॉलॉजिस्ट करतात, बऱ्याच ठिकाणी नर्व्ह कंडक्शन, म्हणजे नर्व्हचा वेग मोजणं, तेसुद्धा तेच करतात, फेलो स्क्रीनवर वाचतो आणि नीडल तेवढी स्वतः करतो. तिकडं कोल्हापुरात शिकवलेला टेक्निशियन पुण्याला नोकरी लागली की निघून जाणार, मग इलेक्ट्रोडची पेस्ट लावणार तूच. म्हणून इथं आलास की टेक्नॉलॉजिस्टच्या मागं लाग, हाताने कर, इम्पिडन्स (इलेक्ट्रोड आणि कातडीमधला विजेचा अडथळा) खाली कसा आणायचा बघ. मुलाखतीतही हेच विचार, कंडक्शन कोण करतं, फेलोच्या वाट्याला वर्षाला किती ईएमजी येतात. गोलगोल उत्तर दिलं तर समजून जा.

बारीकसारीक पण लक्षात ठेव, इथली लाईट ६० हर्ट्झची, आपली ५० ची, त्यामुळं परत गेल्यावर लाईटचा आवाज गाळणारा नॉच फिल्टर बदलायचा. आणि हात ३२ डिग्रीच्या खाली गार असेल तर नर्व्हचा वेग उगाच कमी दिसतो, इथं थंडीत पेशंटचे हात आधी गरम करून घेतात. आपल्याकडं एसी फुल्ल ठेवून टेस्ट करणारे बघितलेत मी, मग सगळ्यांनाच न्यूरोपथी, म्हणजे नर्व्हचा आजार.

ऑब्झर्वरशिपच्या, म्हणजे नुसतं बाजूला उभं राहून बघायच्या, नादी लागू नको. पेशंटला हात लावू देत नाहीत, ईएमजीसाठी तो खर्च पाण्यात. पगार फेलोशिपला मिळतो, मोठ्या शहरात भाड्यातच जातो बराचसा. वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि जागा त्याच्या कितीतरी आधी भरतात, तेव्हा स्टेप २ ची तारीख आधी धर. सीव्ही पाठव, बघून कुठं ईमेल टाकायचा ते सांगतो.