कथा नको, आधी आवाज ऐक

अगं, रविवारी कॉलेज रोडला आपल्या ग्रुपसमोर चित्रपट-मालिकेवर पहिल्यांदाच बोलणार आहेस, तर सगळ्या भागांची कथा सांगत बसू नकोस. ती तिथे सगळ्यांना पाठ असते. आधी डोळे मिटून ऐक. ‘स्टार वॉर्स’मधली (१९७७) प्रकाशाची तलवार पडद्याकडे न बघताही ओळखू येते. ध्वनी-रचनाकार बेन बर्टने तो आवाज जुन्या प्रोजेक्टरच्या मोटरची घरघर आणि टीव्हीच्या पिक्चर ट्यूबची गुणगुण मिसळून बनवला. मग तो स्पीकरवर लावून समोर माइक हलवला, की तलवार फिरल्याचा भास! दादासाहेब फाळक्यांच्या नाशिक जिल्ह्यात राहून ही कारागिरी सांगितली नाहीस, तर मी उठून जाईन हां.

दुसरं, माणसं बघ. ‘एलियन’मध्ये (१९७९) यान मालवाहू आणि त्यावरचे कामगार बोनससाठी कुरकुरतात. चित्रकार गिगरने घडवलेला परग्रहावरचा प्राणी भयंकर आहेच. पण १९८६च्या भागात दिग्दर्शक बदलला, भयपटाचा जवळपास युद्धपट झाला, तरी मालिका तीच वाटते. का? यानाच्या मालक कंपनीला माणसाच्या जिवाची किंमत नाही, हे तसंच राहिलं.

कमाईचे आकडे सोड. मालिका एकच घे, क्लिपा दोनच दाखव. स्पीकर मी आणतो, लॅपटॉपचा आवाज मागे पोचत नाही.