कुतुबमिनाराच्या आवारात देवगिरी

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे दिल्लीला गेलो होतो. कुतुबमिनार पाहून परतताना जुन्या मशिदीच्या मागं अलाउद्दीन खिलजीच्या कबरीची पाटी दिसली. देवगिरीवर चालून आला तो हाच का? गाइडला विचारलं, तर तो मिनाराखेरीज काही बोलेना. — एक वाचक, नाशिक

उत्तर : हो, तोच.

माझं बालपण खुलताबादला गेलं. एसटीच्या खिडकीतून देवगिरी दिसला की आजोबा म्हणायचे, "तो बघ, रामदेवरायाचा किल्ला." त्यामुळे त्या कबरीपाशी पहिल्यांदा उभा राहिलो, तेव्हा पाय निघेना. वर घुमट उरलेला नाही, उघडं आभाळ. खाली साधा चौथरा.

१२९६ साली हा माणूस सुलतान नव्हता. आजच्या प्रयागराजजवळच्या कडा प्रांताचा सुभेदार, सुलतान जलालुद्दीनचा पुतण्या आणि जावई. चुलत्याला पत्ता लागू न देता तो देवगिरीवर आला. रामदेवरायाचा युवराज शंकरदेव फौज घेऊन बाहेर होता. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्याचा 'यदुवंशविलासु' म्हणून गौरव आहे, तोच हा राजा रामचंद्र, म्हणजे रामदेवराय. आणि ती ओवी लिहून तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती! मला हे दोन आकडे शेजारी ठेवले की अजूनही गलबलून येतं.

देवगिरीची लूट घेऊन तो परतला, त्याच वर्षी चुलत्याचा खून करवला आणि दिल्लीकडं निघाला. इतिहासकार बरनी लिहितो, की वाटेत मुक्कामामुक्कामाला यंत्रातून लोकांवर सोनं उधळलं जात होतं. ते आपल्याकडचं सोनं. दिल्लीचं तख्त त्यानं त्याच्या जोरावर मिळवलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याच आवारातला अलाई दरवाजा तुम्ही पाहिलाच असेल. १३११ सालचा. लाल दगडात पांढरा संगमरवर, आणि कमानीच्या आतल्या कडेला कमळकळ्यांची झालर. दोन मिनिटं थांबून ती झालर बघाच, फार सुंदर आहे. उत्तरेला ओबडधोबड दगडांचा जाड बुंधा दिसतो, तो अलाई मिनार. कुतुबच्या दुप्पट उंच करायचा बेत होता. १३१६ साली अलाउद्दीन गेला आणि काम पहिल्याच मजल्यावर, साधारण २५ मीटरवर थांबलं.

आता तुमच्या गाइडनं न सांगितलेली गोष्ट. रामदेवराय स्वतः दिल्लीला आला होता. खंडणी थकली म्हणून अलाउद्दीनचा सेनापती मलिक काफूरनं त्याला धरून आणलं, साधारण १३०८ साली. अलाउद्दीननं मात्र त्याला मानानं वागवलं, 'राय-इ-रायान', म्हणजे राजांचा राजा, हा किताब दिला आणि राज्यावर परत पाठवलं. हा दरबार कुतुबपाशी नव्हता, अलाउद्दीननं वसवलेल्या सिरी शहरात होता. त्या सिरीच्या तटाचे तुकडे दक्षिण दिल्लीत शाहपूर जटच्या आसपास अजून उभे आहेत. पुढच्या खेपेला अर्धा दिवस काढा आणि मुलांना तिथं घेऊन जा.