एकच तर कांस्य?

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे, वेटलिफ्टिंगच्या सरावाला जाते. शाळेच्या प्रकल्पासाठी तिनं 2000च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये कांस्य जिंकलेली वेटलिफ्टर कर्णम मल्लेश्वरी निवडली. घरी आलेले काका म्हणाले, "एकच तर कांस्यपदक, त्यातही शेवटची लिफ्ट गेली, वजन उचललंच नाही. एवढं काय त्यात?" पोर हिरमुसली. तिला काय सांगू?
– एक आई

उत्तर : ताई, काकांना आधी सिडनीच्या मागची वर्षं बघायला सांगा. 1994 आणि 1995 अशी दोन वर्षं मल्लेश्वरी 54 किलो गटात जगज्जेती होती. अर्जुन पुरस्कार 1994चा, खेलरत्न 1995-96चा, पद्मश्री 1999ची. म्हणजे हे सगळे सन्मान ऑलिम्पिक पदकाच्या आधीचे! मग तेव्हाच ऑलिम्पिक पदक का नाही? कारण तोवर महिलांचं वेटलिफ्टिंग ऑलिम्पिकमध्ये नव्हतंच. 1996ला अटलांटात फक्त पुरुष उतरले. तिची ऐन भरातली वर्षं अशी निघून गेली, याची मला अजून चुटपुट लागते.

2000ला दार उघडलं, तोवर वजनगट बदलून 54चा गटच उरला नव्हता. ती उतरली थेट 69 किलोत. 19 सप्टेंबरला स्नॅचमध्ये (बार एका दमात डोक्यावर) 110, क्लीन अँड जर्कमध्ये (आधी खांद्यांवर, मग डोक्यावर) 130, एकूण 240 किलो. सुवर्ण आणि रौप्य दोन्ही 242.5वर गेली, चीनची लिन वेनिंग अंगानं हलकी म्हणून तिला सुवर्ण. फरक अडीच किलोंचा, आणि त्या काळी बारवरचं वजन वाढायचंच अडीच-अडीच किलोंनी.

आता शेवटची लिफ्ट. मल्लेश्वरीनं क्लीन अँड जर्कला बारवर 137.5 किलो चढवले. उचलले असते तर एकूण 247.5, म्हणजे सुवर्ण. मी मुलींना शिकवते, म्हणून सांगते : क्लीनमध्ये बार खांद्यांवर घेऊन बैठकीतून उठतानाच मांड्यांतला जोर संपत येतो. बार गळ्याला टेकलेला, धड श्वास घेता येत नाही, आणि जर्क तर अजून बाकीच असतो. अशा वेळी मधलं सोपं वजन न मागता सुवर्णाचं वजन मागणारी खेळाडू मला फार मोठी वाटते. त्या लिफ्टला "गेली" म्हणून सोडून देऊ नये.

त्या कांस्यानं ती ऑलिम्पिक पदक जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. वेटलिफ्टिंगमधलं भारताचं पुढचं ऑलिम्पिक पदक यायला 2021 उजाडलं : टोकियोत मीराबाई चानूचं रौप्य, 49 किलो गटात, एकूण 202 किलो. त्याच वर्षी मल्लेश्वरी दिल्ली क्रीडा विद्यापीठाची पहिली कुलगुरू झाली. आपल्याकडे हे किती जणांना माहीत आहे?

तर लेकीला सांगा, प्रकल्पाची सुरुवात सिडनीपासून नको, 1994पासून कर. पहिल्या पानावर दोन्ही जागतिक विजेतेपदं येऊ देत. आणि 137.5चा आकडा खोडू नकोस म्हणावं, मोठ्या अक्षरांत लिही.