एखाद्या नैसर्गिक साधनाचा वापर शाश्वत, म्हणजे कायम टिकणारा, आहे की नाही, हे नेमकं कसं ओळखायचं?

वर्षाला किती वापरलं एवढंच पाहू नका, साठ्यात दरवर्षी भर किती पडते तेही पाहा. वापर भरीपेक्षा जास्त असेल तर तो शाश्वत नाही. अर्थतज्ज्ञ हर्मन डेली यांनी 1990 मध्ये मांडलेल्या नियमांपैकी हा पहिला. उरलेले दोन:

- कचरा निसर्ग पचवू शकेल त्याहून वेगाने सोडायचा नाही.
- खनिज इंधनासारखं संपणारं साधन त्याला नूतनक्षम पर्याय उभा राहील त्याच गतीने वापरायचं.

गंमत म्हणजे गडबड लवकर दिसतच नाही. समजा जंगलात 1000 टन लाकूड आहे आणि ते वर्षाला 3 टक्के वाढतं. 30 टन तोडलं तर साठा तसाच राहतो. 40 टन तोडलं तर पहिल्या वर्षी फक्त 10 टनांची घट. दहा वर्षांनीही सुमारे 885 टन शिल्लक, म्हणून कोणी फिकीर करत नाही. पण साठा घटला की वाढही घटते, आणि 47 वर्षांत जंगल साफ!

एक मात्र आहे: हा दर कागदावरचा. प्रत्यक्षात दुष्काळ, वणवा, कीड यांमुळे तो खालीवर होतो, त्यामुळे सरासरी वाढीइतकी तोड करणंही धोक्याचंच. हात त्याच्या बराच आधी आखडावा.