देवळाची तळी हिरवी झाली, मोरचूद टाकू का?

प्रश्न: ताई, आमच्या देवळाची तळी मे महिन्यापासून हिरवीगार झालीय, वर ऑइलपेंट सांडल्यासारखा थर येतो नि वास पण मारतो. कमळं यंदा कमी आणि पाण्याखालची झाडं तर गायबच. पोरं म्हणतात सुपारीच्या फवारणीचा मोरचूद घरात आहे तोच टाकूया. टाकू का?
– एक वाचक, मालवण तालुका

उत्तर: नको, अजिबात नको! आधी थरात एक काठी फिरवून बघा, धागे लटकले तर ते साधं शेवाळ, पण रंगासारखं नुसतं माखलं तर बहुतेक सायनोबॅक्टेरिया, म्हणजे नील-हरित शैवाल. त्यातलं मायक्रोसिस्टिस विष बनवू शकतं, दरवेळी बनवतंच असं नाही पण ते लॅबशिवाय कळत नाही, म्हणून हात घालू नका. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, तांब्याचा क्षार; त्याने शैवालाच्या पेशी फुटतात आणि आत असलेलं विष एकदम पाण्यात उतरतं, वर तांबं गाळात बसतं ते वेगळंच.

आता झाडांचं. पाण्याखालच्या हायड्रिलासारख्या झाडांना दुहेरी मार बसतो. एक तर वरचा थर ऊन अडवतो, आणि दुसरं म्हणजे मायक्रोसिस्टिन (हेच ते मायक्रोसिस्टिसचं विष) आपल्या लिव्हरमधली जी एन्झाइम्स बंद पाडतं तशीच झाडांतही असतात, त्यामुळे वाढ खुंटते, मुळं नीट फुटत नाहीत. कमळाचं पान वर हवेत असतं, देठातल्या पोकळ्यांतून हवा खाली कंदापर्यंत जाते, म्हणून जुनं कमळ तग धरतं, पण नवा कोंब अंधारातून वर येताना कंदातल्या साठ्यावरच जगतो, तिथे मार खातो. आणि खरी गोम पुढेच आहे, पाण्यातलं खत खाऊन आणि गाळ धरून ठेवून पाणी नितळ ठेवणारी हीच झाडं, ती गेली की तळी हिरवीच राहायला लागते. दरवर्षी "साफसफाई" म्हणून सगळं उपटून काढतात ना, ते माझ्या मते पायावर धोंडा.

मग करायचं काय, तर निर्माल्य, धुण्याचा साबण नि गोठ्याचं पाणी आत येणं थांबवा, गाळ उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर काढा आणि तेव्हाही एका बाजूची झाडं ठेवा. तोवर गुरांना तिथे पाजू नका, पालेभाजीला ते पाणी घालू नका कारण विष भाजीत उतरू शकतं, आणि उकळून प्यायचा विचार असेल तर सोडा, उकळल्याने हे विष जात नाही.